मुखाचा कर्करोग आणि त्याची वेळीच पारख

शरीराच्या अंतर्भागात, डोळ्यांआड वाढणारे रोग वैद्यांनाही चकवितात, यात नवल नाही. यकृत, फुप्फुस वा जठर यांत बिघाड झाला तर तो पाहण्यासाठी यंत्रे लागतात, आणि ती यंत्रे गावोगाव नसतात. मुखाची गोष्ट निराळी. तोंड उघडले की ओठांपासून पडजिभेपर्यंतचा बहुतेक सारा भाग उजेडात दिसतो. भिंगाचीही गरज पडत नाही. असे असूनही आपल्या देशात मुखाच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण रोग पुष्कळ वाढल्यावरच इस्पितळाची पायरी चढतात. जे दिसण्यासारखे आहे ते इतक्या उशिरा का दिसावे, हा प्रश्न आम्हांला केवळ वैद्यकाचा वाटत नाही. तो घराघरांतील वागणुकीचा आहे. आणि म्हणूनच वैद्य नसतानाही, कला शाखेच्या पदवीधराला जेवढा अधिकार असतो तेवढ्याच अधिकाराने, आम्ही तो आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे मांडीत आहोत.

प्रथम रोगाची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात ओठ व मुख यांच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले. त्यांपैकी १ लाख ४० हजारांहून अधिक एकट्या भारतातील होते. म्हणजे जगातील दर तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक आपला देशबांधव. हा मान आपल्याकडे का आला, याचे उत्तर आपल्या पानाच्या डब्यात व तंबाखूच्या चंचीत आहे.

मुखाच्या आतील बाजूस एक मऊ, ओलसर अस्तर असते. त्यास श्लेष्मल त्वचा म्हणतात. अन्नाच्या घर्षणाने या अस्तराच्या वरच्या पेशी सतत झडतात व खालून नव्या पेशी येऊन त्यांची जागा घेतात. जीभ भाजली तरी चार दिवसांत ती बरी होते, याचे कारण हेच. परंतु तंबाखूतील विषारी द्रव्ये, सुपारीचा अर्क आणि चुन्याचा दाह हे त्याच त्या जागेला वर्षानुवर्षे लागत राहिले, तर नव्या पेशी घडविणाऱ्या बीजातच दोष शिरतात. असे दोष साठत गेले की एखादी पेशी शरीराची शिस्त मानीनाशी होते व गरज नसताना वाढू लागते. ती वाढ आधी अस्तरातच राहते, मग खालच्या मांसात व हाडात शिरते आणि पुढे मानेतील गाठींपर्यंत पोचते. हा प्रवास बहुधा एका रात्रीचा नसतो. त्यात पुष्कळदा वर्षे जातात, आणि त्या वर्षांत अस्तरावर खुणा दिसत असतात. वेळीच पारख करणे म्हणजे त्या खुणांच्या काळात रोग गाठणे.

पाश्चात्य देशांत हा रोग विशेषेकरून जिभेच्या कडेला व जिभेखाली होतो. आपल्याकडे तो बहुधा गालाच्या आतील बाजूस आणि गाल व खालची हिरडी यांच्यामधील खोबणीत होतो. तंबाखूची गोळी किंवा विडा आपण नेमका तेथेच दाबून ठेवतो. हा संबंध वैद्यांच्या ध्यानी फार पूर्वी आला. मद्रासेतील निब्लॉक या वैद्यांनी १९०२ साली गालाच्या कर्करोगाचा विडा खाण्याशी असलेला संबंध लिहून ठेविला. १९३३ साली ऑर यांनी त्रावणकोरातील रुग्णांविषयी तेच मांडले. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. म्हणजे ही बाब कालपरवा कळलेली नव्हे. शंभराहून अधिक वर्षे ती छापून आलेली आहे.

आता आम्ही एका नाजूक विषयाकडे वळतो. "आमच्या घरात तंबाखू नाही, फक्त सुपारी," असे कितीतरी पालक आम्हांला अभिमानाने सांगतात. आमच्या घरच्या कोकणी बोलीत सुपारीस फोफळ म्हणतात, आणि फोफळाशिवाय आमचे एकही मंगलकार्य पार पडत नाही. मूर्ती नसेल तेथे सुपारीलाच गणपती मानून तिची पूजा होते. लग्न ठरले की सुपारी फुटली, असे आपण म्हणतो. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांतील कुळागरांत पोफळी उभ्या आहेत आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची वह्यापुस्तके त्यांच्याच उत्पन्नातून येतात. त्यामुळे पुढचे वाक्य लिहिताना आम्हांला जड वाटते. पण ते लिहिलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या याच संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी, तंबाखू नसतानाही, माणसाला कर्करोग करणारी वस्तू ठरविलेली आहे. पूजेतील सुपारीने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ती रोज चघळून, आणि तिच्याच जोडीला तंबाखू व चुना घेऊन.

सुपारीमुळे होणारा आणखी एक विकार आहे. त्यात गालाचे अस्तर हळूहळू पांढुरके, ताठ व चामड्यासारखे होते. तिखट पदार्थ झोंबू लागतो आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांत हा विकार वर्णिला आणि पुढच्याच वर्षी भारतात डॉ. जोशी यांनी त्याची नोंद केली. ताठरलेले अस्तर पूर्ववत होत नाही. सुपारी सोडल्यास विकाराची वाढ मात्र रोखता येते. केरळातील अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले असता शंभरास सात-आठ या प्रमाणात कर्करोग झाल्याचे आढळले. पूर्वी हा विकार प्रौढांत दिसे. सुपारीच्या पुड्या निघाल्यापासून तो तरुणांत, किंबहुना मुलांतही, दिसू लागला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गोव्याने तर २००५ सालीच आपल्या आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. पण रंगीत कागदातली गोड सुपारी तंबाखू नसल्यामुळे त्या २००३ च्या कायद्यात बसत नाही, आणि मधल्या सुट्टीत ती कोणाच्या खिशात असते हे आमच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

तंबाखूचीही रूपे अनेक आहेत. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांस लावणाऱ्या स्त्रिया स्वतःस व्यसनी समजत नाहीत. ती त्यांच्या लेखी दंतधावनाची वस्तू असते. गोमंतकात धुमटी ओढण्याची जुनी चाल होती. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली ही विडी काही लोक, विशेषतः स्त्रिया, पेटते टोक तोंडात धरून ओढीत. अशा धूम्रपानाचा मुखावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी गोव्यातील ५,४४९ ग्रामस्थांची तपासणी झाली व तिचा वृत्तान्त १९७६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्या पणजीचे असे विडी ओढणे आठवत असेल, त्यांना ही हकीगत परकी वाटणार नाही. तंबाखूच्या जोडीला मद्य असेल तर धोका नुसता बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढतो.

आता खुणांविषयी. तोंड येणे, म्हणजे लहानसा दुखरा फोड होणे, हे सर्वांना ठाऊक आहे. तो फोड बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो. कर्करोगाचा व्रण असा बरा होत नाही आणि विशेष म्हणजे आरंभी तो पुष्कळदा दुखत नाही. येथेच सारा घोटाळा होतो. दुखते ते गंभीर आणि न दुखते ते क्षुल्लक, असा आपला हिशेब. या रोगात तो उलटा लागू पडतो. वेदना येते ती पुष्कळदा रोग खोल गेल्यावर. म्हणून दोन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण, मग तो दुखो वा न दुखो, वैद्यास दाखविलाच पाहिजे. पुसून न निघणारा पांढरा चट्टा हीदेखील खूण होय. त्यास वैद्यकात ल्युकोप्लाकिया म्हणतात. असे सर्वच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, काही तर तंबाखू सोडल्यावर मावळतात; पण कोणता मावळेल हे घरी बसून ठरविता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून दुर्मीळ व त्याहून घातक. याखेरीज गालात हाताला लागणारी गाठ वा जाडी, कारण नसता हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी जखम, जीभ वळविताना होणारा अडथळा, ओठास येणारी बधिरता, गिळताना त्रास आणि मानेत न दुखणारी गाठ, यांकडेही दुर्लक्ष करू नये.

आमच्या शेजारच्या वाड्यावर एक वृद्ध बाई होत्या. मशेरीची सवय जुनी. त्यांनी एके वर्षी हुमण खाणे सोडले व पेजेवर राहू लागल्या. सुनेने समजुतीने त्यांचे जेवण वेगळे, बिनतिखट करण्यास आरंभ केला. घरच्यांना वाटले, वय झाले. शेजाऱ्यांना वाटले, काही व्रत असेल. तिखट का सोसत नाही, असे मात्र कोणीच विचारले नाही. पुढे खालचा एक दात हलू लागला, तो काढण्यात आला, जखम भरली नाही. मग मध लावून झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या. ओळखीच्या एका परिचारिकेने तोंडात पाहिले तेव्हा पहिल्या पेजेस दहा महिने होऊन गेले होते. जबड्याचे अर्धे हाड काढावे लागले आणि त्यानंतर बाई वर्षभरही जगल्या नाहीत. सून आजही म्हणते, "सासूबाईंनी कधी तक्रारच केली नाही." आम्हांला वाटते, त्यांनी ती रोज दोन वेळा ताटावर बसून केली होती, ती शब्दांत नव्हती इतकेच. घरातील वडीलधारे माणूस आपल्या आवडीचा पदार्थ अकस्मात दूर सारू लागले, घास एकाच बाजूने चावू लागले, जांभई देताना तोंड अर्धेच उघडू लागले, तर ही गोष्ट सर्वांत आधी नातवंडांच्या नजरेस पडते.

वेळीच पारख केल्याने खरोखर लाभ होतो काय, याचे उत्तर केरळातून मिळालेले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींत १९९६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. ३५ वर्षे व त्यापुढील वयाची सुमारे १ लाख ९० हजार माणसे त्यात होती. सात पंचायतींत घरोघरी जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडे तपासली, उरलेल्या सहांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. तपासणारे डॉक्टर नव्हते. विज्ञान-वैद्यक सोडून इतर विषयांचे पदवीधरही चालतील, अशा माणसांना शिकवून तयार केले होते. त्यांच्या हाती बॅटरी होती आणि खुणांची चित्रे डोळ्यांपुढे होती. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत, तपासणी झालेल्या गावी या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. व्यसन नसलेल्यांत असा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ज्यांना सवय आहे त्यांनीच प्रथम तोंड दाखवावे. त्याआधीही एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६ हजारांहून अधिक तंबाखूसेवकांत डॉ. फली मेहता यांच्या सहकाऱ्यांनी काम केले होते. नुसत्या समजावणीने पुष्कळांनी सवय सोडली वा कमी केली, आणि त्यांच्यात नवे पांढरे चट्टे कमी उठले, हे त्यांनी १९८६ साली दाखवून दिले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष या व्याधीच्या फेऱ्यात सापडले. सेनापती ग्रँट हे चिरुटांचे शौकीन. १८८४ च्या उन्हाळ्यात पीच हे फळ खाताना त्यांच्या घशात कळ आली. वैद्यांकडे दाखवा, असा सल्लाही मिळाला. ते गेले ऑक्टोबरात. तोपर्यंत रोग हाताबाहेर गेला होता. आपले आत्मचरित्र कसेबसे पुरे करून १८८५ च्या जुलैत ते निवर्तले. दुसरे ग्रोव्हर क्लीव्हलंड. १८९३ साली त्यांना टाळूवर एक खडबडीत जागा जाणवली. ती तपासली गेली आणि जुलैच्या पहिल्या तारखेला एका नौकेवर, लोकांस कळू न देता, ती गाठ काढून टाकण्यात आली. ते पुढे पंधरा वर्षे जगले. त्यांची गाठ सावकाश वाढणाऱ्या जातीची होती असे पुढील तज्ज्ञांनी ठरविले. तेव्हा दोघांची तुलना काट्यावर तोलून करता येणार नाही. तरीही त्यांपैकी एकाने महिने जाऊ दिले व दुसऱ्याने दिले नाहीत, एवढा भेद त्या हकीगतीत उरतोच.

तोंड पाहावे कसे? महिन्यातून एकदा, खिडकीपाशी भर उजेडात, हात व तोंड स्वच्छ धुऊन, कवळी असेल तर ती काढून आरशासमोर उभे राहावे. ओठ आतून-बाहेरून पाहावे. मग गाल बोटाने बाजूला ओढून आतील अस्तर व हिरडीलगतची खोबण पाहावी. आपल्याकडे सर्वाधिक लक्ष देण्याजोगी जागा हीच. जीभ बाहेर काढून स्वच्छ रुमालाने टोक धरावे व तिच्या दोन्ही कडा पाहाव्या, नंतर ती टाळूस लावून खालचा भाग पाहावा. मान मागे टाकून टाळू पाहावी. शेवटी मानेच्या दोन्ही बाजू चाचपाव्या. आपली तीन बोटे उभी जोडून पुढच्या दातांमधून आत जातात काय, हेही पाहावे. प्रौढ माणसाची ती सामान्यतः जातात. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नसेल तर, "आजी, जरा तोंड उघड पाहू," असे म्हणण्यास आमच्या विद्यार्थ्यांनी संकोचू नये. ती प्रथम हसेल. नंतर बहुधा उघडील. मात्र चट्टा दिसल्यास त्यास नाव देणे हे आपले काम नव्हे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, कोणताही दंतवैद्य किंवा बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय, येथपर्यंत माणूस नेणे हे आपले काम. ३० वर्षांवरील सर्वांची तोंडे पाच वर्षांतून एकदा तपासावीत, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ सालीच दिलेली आहे. तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

तपासणीच्या नावाने लोक मागे सरतात ते बहुधा एका समजुतीमुळे : "सुरी लागली की कर्करोग पसरतो." ही समजूत खोटी आहे. संशयित जागेचा तुकडा, बहुधा तांदळाच्या दाण्याएवढा, ती जागा बधिर करून काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याने रोग पसरत नाही; उलट त्यावाचून रोग आहे की नाही हे निश्चित कळतच नाही. लोकांस हा समज पटतो याचे कारण सरळ आहे. उशिरा आलेल्यांचा तुकडा काढला जातो, ते लवकरच दगावतात, आणि दोष सुरीच्या माथी येतो. दुसरी समजूत संसर्गाची. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा एकाच तांब्याचे पाणी प्यायल्याने होत नाही. रुग्णाची भांडी वेगळी मांडणाऱ्या घरांत तो आपले दुखणे लपवू लागतो, यात त्याचा काय दोष? पूर्वजन्मीच्या पापाची भाषा तर आम्ही या मासिकातून करूच नये.

आरंभीच्या अवस्थेत, म्हणजे गाठ सुमारे दोन सेंटिमीटरांच्या आत व उथळ असून मानेत पसरलेली नसताना, बहुधा एका शस्त्रक्रियेने काम भागते आणि असे बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. रोग हाडात वा मानेच्या गाठींत गेल्यावर जबडा काढणे, मांडीचे किंवा छातीचे मांस आणून गाल घडविणे, त्यावर किरणोपचार व औषधे, असा लांबलचक व खर्चाचा मार्ग चालावा लागतो. आणि एवढे करूनही पाच वर्षे पुरी करणारे निम्म्यांहून कमी असतात. आमच्या ओळखीचे एक बसवाहक आहेत. दंततपासणीच्या एका शिबिरात, दात दाखविण्यास म्हणून गेले असता, त्यांच्या डाव्या गालातील चट्टा दंतवैद्याच्या नजरेस पडला. त्यांना पहिला प्रश्न विचारण्यात आला तो असा : "तंबाखू कोणत्या गालात ठेवता?" चट्टा काढला, चार टाके पडले, तीन आठवड्यांत ते कामावर रुजू झाले. तंबाखूची डबी त्यांनी त्याच दिवशी टाकली. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी त्यांना तपासणीस जावे लागे. पुढे अंतर वाढत गेले, तरी फेऱ्या थांबलेल्या नाहीत. त्या प्रत्येक खेपेस वैद्य डाव्या गालाइतकेच बारकाईने उजवा गाल, जीभ व टाळूही पाहतात. कारण तंबाखूचा रस साऱ्या तोंडभर फिरलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नवा चट्टा उठण्याचा संभव पुढे कित्येक वर्षे राहतो.